ग्लुकची 'इफिजेनी' कशी बसवायची: नाटकातून ऑपेऱ्याकडे वळणाऱ्यांसाठी

नाटकातून ऑपेऱ्याकडे येणाऱ्या दिग्दर्शकाची पहिली अडचण घड्याळाची असते. नाटकात नटानं किती थांबायचं, वाक्य कधी टाकायचं हे तालमीत ठरतं. ऑपेऱ्यात ते संगीतकारानं मात्रा मोजून आधीच लिहून ठेवलेलं असतं. आपल्या हातात काही उरलं नाही असं वाटून नवखा माणूस नेपथ्याकडे धावतो. खांब उभे करतो, पांढरे झगे शिवतो, धूर सोडतो. विषय ग्रीक शोकांतिकेचा असला तर विचारायलाच नको. खरं तर स्कोअरमध्ये, म्हणजे संगीतकारानं लिहिलेल्या स्वरलिपीत, दिग्दर्शनाच्या सूचना खच्चून भरलेल्या असतात, आणि त्या वाचायला शिकणं हेच या कामातलं मुख्य काम आहे. खाली जे सांगतो आहे ते एकाच ऑपेऱ्याच्या आधारानं सांगतो, म्हणजे हवेत राहणार नाही.

१. कुठला ऑपेरा घ्यायचा

ग्रीक शोकांतिकांवरचे ऑपेरे पुष्कळ आहेत. केरुबिनीचा 'मेदे' (1797) भारी आहे, पण मेदेची भूमिका गायिकेचा जीव काढते. रिचर्ड श्ट्राउसच्या 'एलेक्ट्रा'ला (1909) सुमारे 110 वादक लागतात, म्हणजे तो विषय इथेच संपला. स्ट्राविन्स्कीचा 'इडिपस रेक्स' आटोपशीर आहे, पण त्याचे हक्क अजून चालू आहेत आणि मानधन भरावं लागतं.

पहिल्यांदा करणाऱ्यांना मी क्रिस्टोफ विलिबाल्ड ग्लुकचा 'इफिजेनी आँ तोरिद' सुचवतो. 18 मे 1779 रोजी पॅरिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा ग्लुक 64 वर्षांचा होता. संहिता निकोला-फ्रान्स्वा गियार या तरुण कवीची. चार अंक असूनही संगीत दोन तासांच्या आत संपतं. मोठ्या भूमिका चारच: इफिजेनी, तिचा भाऊ ओरेस्त, त्याचा जिवलग मित्र पिलाद आणि राजा तोआस. शेवटी दियान देवी थोड्या वेळासाठी येते. प्रेमप्रकरण अजिबात नाही, आणि अठराव्या शतकातल्या ऑपेऱ्यासाठी ही फारच दुर्मीळ गोष्ट. भावाबहिणीची न झालेली ओळख आणि दोन मित्रांचं 'तू जग, मी मरतो', एवढ्यावर सगळं उभं आहे.

२. आधी युरिपिडीस वाचा

संहितेचा गाभा ग्रीक नाटककार युरिपिडीसचा, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरचा. गियारनं मात्र थेट ग्रीक नाटकावरून लिहिलं नाही. गिमाँ द ला तूश याचं 1757 चं फ्रेंच नाटक त्याच्यासमोर होतं. मूळ नाटक वाचायचं ते काय गाळलं आणि काय नव्यानं घातलं हे कळावं म्हणून.

पूर्वकथा अशी: ट्रॉयला निघालेल्या आरमाराला वारा मिळावा म्हणून अगामेम्नॉन आपल्या मुलीचा, इफिजेनीचा, बळी द्यायला निघतो. देवी तिला ऐन वेळी उचलून तोरिदमध्ये, म्हणजे आजच्या क्रिमियात, नेते आणि पुजारीण करते. तिथला नियम असा की किनाऱ्याला लागलेल्या परक्या माणसाचा बळी द्यायचा, आणि तो पुजारणीनं द्यायचा. इकडे बायको अगामेम्नॉनला मारते, मुलगा ओरेस्त आईला मारतो, आणि सूडदेवता त्याच्या मागे लागतात. फिरत फिरत तो नेमका याच किनाऱ्यावर येतो.

युरिपिडीसमध्ये बहीणभावाची ओळख पटते ती एका पत्रामुळे. इफिजेनी पिलादकडे पत्र देते, ते हरवलं तर काय, म्हणून मजकूर तोंडी सांगते, आणि ओरेस्त शेजारीच उभा असतो. नाट्यरचनेतली ही चलाखी बघून आजही मजा येते. ऑपेऱ्यात पत्र आहे, पण ते कोणी वाचत नाही. ते घेऊन पिलाद निघून जातो. ओळख पटते ती वेदीवर, बहिणीनं सुरी उचललेली असताना, जेव्हा भाऊ पुटपुटतो की औलिसला (तिचा बळी द्यायचं ठरलं ती जागा) माझी बहीण इफिजेनीही अशीच मेली होती. युरिपिडीसचा तोआस शेवटी जिवंत राहतो, त्याला फसवून ही मंडळी समुद्रमार्गे निसटतात आणि वर अथेना येते. ऑपेऱ्यात पिलाद तोआसला ठार करतो आणि दियान येते.

या फरकांची नोंद तालमीच्या वहीत पहिल्याच पानावर करा. गायकांपैकी कोणी ना कोणी मूळ नाटक वाचून येतो आणि दुसऱ्या आठवड्यात 'पण युरिपिडीसमध्ये तर…' असं सुरू करतो. उत्तर तयार असलेलं बरं.

३. स्कोअर आणि भाषा

ग्लुकच्या संगीतावर कोणाचा हक्क नाही, पण छापील आवृत्ती आणि वादकांचे पार्ट ही वेगळी बाब. जुन्या आवृत्त्यांची स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर फुकट मिळतात. अभ्यासाला ती ठीक. प्रयोगासाठी बेरेनरायटरची चिकित्सक आवृत्ती भाड्यानं घ्या. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे गायकांकडे एक आवृत्ती, वादकांकडे दुसरी. मापांचे (स्कोअरमधले उभ्या रेघांनी पाडलेले मात्रांचे गट) आकडे जुळत नाहीत, ऑर्केस्ट्राचा संचालक 'माप 43 पासून' म्हणतो आणि अर्धा हॉल पानं चाळत बसतो.

भाषेच्या बाबतीत तीन पर्याय आहेत. मूळ फ्रेंच; ग्लुकनं स्वतः व्हिएन्नासाठी 1781 मध्ये केलेली जर्मन आवृत्ती, ज्यात ओरेस्त टेनर (पुरुषांचा उंच आवाज) आहे; किंवा श्ट्राउसनं तरुणपणी केलेलं रूपांतर. फ्रेंचच घ्या. ग्लुकची सुरावट शब्दांच्या वजनावर बेतलेली आहे. त्याच्याच आधीच्या 'आल्चेस्ते' या ऑपेऱ्याच्या छापील प्रतीला 1769 मध्ये जोडलेल्या प्रस्तावनेत त्यानं संगीताचं काम काव्याची सेवा करणं असं सरळ लिहून टाकलं होतं. शब्द बदलले की ती बांधणी सैल पडते.

मात्र फ्रेंच घ्यायचं तर प्रत्येक गायकानं आपल्या प्रतीत शब्दाखाली शब्द असा अर्थ लिहिलाच पाहिजे. फक्त स्वतःच्या ओळींखाली लिहून भागत नाही, समोरच्याच्या ओळींखालीही लिहायचा. गाताना चेहरा कोरा राहतो तो बहुतेक वेळा अर्थ माहीत नसल्यामुळे. उच्चारांसाठी फ्रेंच येणारा माणूस पहिल्या आठवड्यापासून तालमीत बसवा. बोलताना गिळले जाणारे शेवटचे स्वर गाताना उच्चारावे लागतात, हे नुसती फ्रेंचची परीक्षा दिलेल्याला माहीत नसतं.

आणि तुमची स्वतःची प्रत: व्होकल स्कोअरची (गायकांच्या ओळी आणि खाली ऑर्केस्ट्राऐवजी पियानो) पानं एका बाजूला छापा, समोरचं पान कोरं ठेवा. हालचाली, दिव्यांचे क्यू, कोणाच्या हातात काय, सगळं त्या कोऱ्या पानावर, मापाच्या आकड्यासह. नोटेशन वाचता येत नसेल तर निदान बोट ठेवून पाठपुरावा करता येईल इतकं शिकून घ्या. त्याला काही आठवडे लागतात, आणि त्याशिवाय या धंद्यात पाय ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गोव्यातल्या चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेल्या कोणालाही पकडा, शिकवेल.

४. आवाज

इफिजेनी जवळजवळ सतत रंगमंचावर असते. भूमिका सोप्रानोची (स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज), पण मधल्या पट्टीत भरपूर काम असल्यानं मेझोही (त्याखालचा स्त्री-आवाज) ती गातात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये 2007 साली सुझन ग्रॅहम या मेझोनंच ती गायली. उंच सूर मारणारीपेक्षा लांब वाक्य एका श्वासात शांतपणे नेणारी गायिका शोधा.

ओरेस्त बॅरिटोन (पुरुषांचा मधला आवाज) आहे आणि भूमिका बॅरिटोनच्या मानानं वर चढलेली आहे. कारण साधं आहे: त्या काळी पॅरिसच्या ऑपेऱ्यात वाद्यं आजच्यापेक्षा बरीच खाली लावत. तोआसच्या पहिल्याच गाण्यातही बास (सर्वांत खालच्या आवाजाच्या) गायकाचा गळा याच कारणानं ताणला जातो. जुन्या धाटणीची वाद्यं आणि जुनं स्वरमान परवडत असेल तर दोघांचाही त्रास वाचतो. नसेल, तर गायकाला चाचणीच्या वेळीच संपूर्ण दुसरा अंक गायला लावा. एकटं गाणं सुरेख म्हणणारे खूप असतात, पुढच्या पंधरा मिनिटांत त्यांचं काय होतं ते बघायचं.

पिलादसाठी गोड टेनर लागतो, आणि तो ओरेस्तकडे बघताना खोटा वाटता कामा नये.

५. ऑर्केस्ट्रा काय सांगतो ते ऐका

आता खरं काम. स्कोअर घेऊन बसा आणि गायक काय म्हणतो यापेक्षा त्याच्या खाली काय वाजतंय ते ऐका.

सुरुवात घ्या. या ऑपेऱ्याला नेहमीसारखं स्वतंत्र ओव्हर्चर (पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत) नाही. संथ, सभ्य, मिन्युएट या दरबारी नाचासारखं काहीतरी वाजू लागतं. प्रेक्षकाला वाटतं, चला, अजून वेळ आहे, खोकून घेऊ. थोड्याच वेळात आभाळ भरून येतं, पिकोलो (छोट्या, तीव्र बासऱ्या) किंचाळतात, टिंपनी (मोठे नगारे) गडगडते, आणि वादळ ऐन भरात असताना इफिजेनी देवांची करुणा भाकत त्यावरूनच गायला लागते. पुजारणी तिला साथ देतात. वादळ ओसरतं. आणि मग ती म्हणते की बाहेर शांत झालं, पण माझ्या काळजात वादळ तसंच आहे.

हे एक वाक्य दिग्दर्शकाला सगळं देऊन जातं. वादळ तिच्या आतलं आहे. मग रंगमंचावर पंखे, विजा आणि हलणारे पडदे किती दाखवायचे? माझ्या मते अगदी कमी. ते आवाज ऑर्केस्ट्रा काढतोच आहे, दिव्यानं आणि कापडानं त्याचीच नक्कल केली तर दोन्ही स्वस्त होतात. त्यापेक्षा संथ भागात तिला झोपेत दाखवा. पुढे ती रात्री पडलेलं स्वप्न सांगणारच आहे: बापाचा वाडा कोसळतो, आई हातात शस्त्र देते, आणि समोर ओरेस्त असतो. म्हणजे पडदा उघडला तेव्हा आपण तिचं स्वप्नच बघत होतो, हे प्रेक्षकाला दहा मिनिटांनी उमगेल.

आता दुसऱ्या अंकात या. पिलादला पहारेकरी ओढून नेतात, ओरेस्त एकटा उरतो, थकून कोसळतो आणि गातो: माझ्या मनात शांतता परत येते आहे. सूर खरोखर शांत आहे, जवळजवळ झोपाळू. पण खाली व्हायोला (व्हायोलिनची खालच्या पट्टीतली मोठी बहीण) एकाच सुरावर, मात्रेच्या मधोमध, थांबून थांबून हिसके देत राहतात. नीट झोप न लागलेल्या माणसाची नाडी जशी चालावी तसं. तालमीत कोणीतरी ग्लुकला म्हणालं, तो शांत झालाय तर हे काय वाजतंय? ग्लुक उत्तरला, तो खोटं बोलतोय, त्यानं आईला मारलंय. किस्सा पुष्कळदा सांगितला जातो. तो जसाच्या तसा घडला असो वा नसो, स्कोअरमध्ये लिहिलेलं तेच आहे.

मग ओरेस्तला कसं बसवायचं? नवखा दिग्दर्शक व्हायोला ऐकतो आणि गायकाला तळमळायला लावतो: डोकं धरतो, येरझाऱ्या घालतो. तसं करू नका. व्हायोला जे सांगतायत ते ओरेस्तला माहीत नाही, हीच तर गंमत. त्याला अगदी स्थिर ठेवा. पाठ भिंतीला, हात मोकळे, डोळे मिटत आलेले. हालचाल एकच, आणि तीही शेवटच्या मापांत: उजव्या हाताची बोटं आपोआप आवळली जातात. ज्या हातानं आईला मारलं तोच हात. मागच्या रांगेला ती बोटं दिसणार नाहीत, म्हणून बाजूनं एक अरुंद दिवा त्या हातावर ठेवा, आणि तो गाणं सुरू होण्याआधीच चढवा, म्हणजे क्यू कळून येत नाही.

पुढच्याच क्षणी सूडदेवतांचा कोरस (समूहगायक) येतो, ट्रॉम्बोनसह. 'यानं आईला मारलं' एवढंच घोळवत. ओरेस्त दयेची याचना करतो. आणि कोरस संपताना दार उघडून इफिजेनी येते. तिला बघून तो ओरडतो: आई! अख्ख्या ऑपेऱ्यातली ही सगळ्यात धारदार एंट्री. त्यामुळे ती मधल्या दारातून, उजेडाला पाठ करून यायला हवी, चेहरा आधी दिसता कामा नये. वेशभूषाकाराला पहिल्याच बैठकीत हे सांगून ठेवा, कारण तिच्या वस्त्राची बाह्यरेषा आईचीही वाटायला हवी.

मराठी संगीत नाटकावर पोसलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे पद संपलं की टाळ्या, कधी वन्स मोअर, आणि मग गाडी पुढे. ग्लुकनं तशी जागाच फारशी ठेवलेली नाही. गद्यासारखं म्हटलेलं आणि गायलेलं दोन्ही ऑर्केस्ट्राच्या साथीनं एकमेकांत मिसळतं. गायकांना टाळ्यांची वाट बघत थांबू देऊ नका. आल्या तर येऊ द्यात, पात्र मात्र हलता कामा नये.

६. कोरस: इथेच घोडं पेंड खातं

ग्लुकच्या आधी पॅरिसच्या ऑपेऱ्यात कोरस दोन्ही बाजूंना रांगा करून उभा राहायचा आणि गायचा. त्याला कथेत ओढण्याचा आग्रह ग्लुकनं धरला. म्हणून या ऑपेऱ्यात कोरस ही पाचवी मोठी भूमिका समजा, आणि तालमीचा वेळही तसा द्या.

बायका म्हणजे पुजारणी. त्या ग्रीक आहेत, इफिजेनीसारख्याच परदेशात अडकलेल्या. युरिपिडीसचा कोरसही बंदिवान ग्रीक स्त्रियांचाच आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, अगामेम्नॉन मेल्याची बातमी कळल्यावर, त्या इफिजेनीच्या रडण्यात सामील होतात. तिथे त्यांना बघ्यांसारखं उभं केलंत तर प्रसंग मेलाच. प्रत्येकीला एक छोटी गोष्ट द्या: ही कधी आली, हिचं कोण मागे राहिलं. प्रेक्षकाला ते कळणार नाही, पण उभं राहणं बदलतं.

पुरुष पहिल्या अंकात सिथियन लोक, म्हणजे तोआसची प्रजा. झांज, ट्रायंगल आणि ढोलाच्या ठेक्यावर रक्त मागत येतात. तेव्हाच्या युरोपात तुर्की लष्करी बँडची जी नक्कल चालायची, त्याच वळणाचं हे संगीत आहे. 'रानटी परके' असा त्याचा सरळ अर्थ होता. आज ते जसंच्या तसं, पिसं आणि काळवंडलेले चेहरे लावून, दाखवणं हे मला तरी बघवत नाही. त्यांना घाबरलेली जमात म्हणून बघा. त्यांचा राजा नुकताच अपशकुनाच्या भीतीनं गायलाय, परक्याचा बळी हा त्यांच्या लेखी जीव वाचवण्याचा उपाय आहे. घाबरलेली गर्दी जास्त भयंकर दिसते.

एक व्यावहारिक पेच आहे. सूडदेवतांच्या कोरसमध्ये बायकांचेही आवाज आहेत, आणि तो संपतो न संपतो तोच त्याच बायकांना पुजारणी म्हणून इफिजेनीसोबत यायचंय. कपडे बदलायला वेळ नाही. तीन मार्ग आहेत: गाणाऱ्यांना विंगेत ठेवून रंगमंचावर फक्त नर्तक आणायचे, बायकांना विंगेतून गायला लावून पुरुष पुढे आणायचे, किंवा पुजारणींनाच सूडदेवता करायचं, तोंडावरचं वस्त्र ओढलं की एक, सारलं की दुसरं. तिसरा मला सर्वांत आवडतो, कारण ओरेस्तच्या डोक्यातला गोंधळ तो फुकटात दाखवतो. पहिलाही कमी लेखू नका. दिग्दर्शक रॉबर्ट कार्सन यांच्या गाजलेल्या निर्मितीत कोरस खाली वादकांच्या खड्ड्यातून गायचा आणि वर नर्तक असायचे. नृत्यरचनाकार पिना बाउशनं तर 1974 मध्ये जर्मनीत व्हुपर्टालला अख्खा ऑपेरा नृत्यासाठीच रचला.

नाचाचं काय, हा प्रश्न येतोच. फ्रेंच ऑपेऱ्याला बॅले लागायचंच, म्हणून त्या वेळी शेवटी गोसेक या दुसऱ्या संगीतकारानं लिहिलेलं बॅलेही जोडलं होतं. ते आज कोणी करत नाही, तुम्हीही करू नका. पहिल्या अंकातले सिथियनांचे नाच मात्र ठेवा. नर्तक नसतील तर त्या संगीतावर वेदीची तयारी दाखवा: पाणी आणणं, दगड धुणं, सुरी पुसणं.

७. वेदी, सुरी, उजेड

संहितेत चार जागा आहेत: देवळाबाहेरची राई, बळींना ठेवायची खोली, इफिजेनीचं दालन, देवळाचा गाभारा. चार सेट बांधायचे पैसे असले तरी बांधू नका. अंकांमध्ये थांबावं लागलं की तणाव सुटतो. एकच बंदिस्त जागा, मध्ये वेदी, मागे एक रुंद दार, बाजूंना दोन वाटा. कार्सन यांनी काळ्या भिंती आणि त्यांवर खडूनं लिहिलेली घराण्यातली नावं एवढ्यावर भागवलं होतं. दिग्दर्शक क्रिस्तॉफ वार्लिकोव्स्की यांनी 2006 मध्ये पॅरिसला इफिजेनी वृद्धाश्रमात नेली, त्यावरून बराच गदारोळ झाला. जागा कुठलीही चालेल, फक्त तिथे सुरी, दार आणि कैद या तीन गोष्टी खऱ्या वाटल्या पाहिजेत.

धूर टाळा. गायकांचे गळे सुकतात आणि मग तालमीपेक्षा तक्रारी जास्त होतात. सुरी बोथट असावी, तिची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी, आणि प्रयोगानंतर ती कुलपात जावी. ओळख पटण्याचा प्रसंग रोज, प्रयोगाआधीही, एकदा सावकाश करून घ्या. तिथे गायिकेचा हात वर असतो आणि नजर संचालकाकडे नसते. बाजूच्या विंगेत संचालक दाखवणारा मॉनिटर लावा, नाहीतर ती ऐन क्षणी मान वळवते आणि सगळं फुसकं होतं.

दियानला ढगातून उतरवायचा यांत्रिक खटाटोप अठराव्या शतकात शोभायचा. आज ती आवाजानं आली तरी पुरे. मला प्रेक्षागृहातून, प्रेक्षकांच्या पाठीमागून आलेली देवी आवडते. फक्त तिथून संचालक दिसतो का, हे आधी तपासा.

८. तालमींचा क्रम

व्यावसायिक संस्थांत मुख्य गायक पहिल्या दिवशी पाठ करूनच येतात, आणि कोरसची गाण्याची तालीम कोरसमास्तरकडे कितीतरी आधी सुरू झालेली असते. हौशी गटात तसं नसेल तर दोन महिने फक्त गाण्याला द्या आणि त्या काळात हालचालींचा विषयही काढू नका. त्यानंतर ब्लॉकिंग, म्हणजे हालचाली बसवणं, पाच-सहा आठवडे, पियानोवर. पियानोवर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवून दाखवणाऱ्या रेपेटिटरशी मैत्री करा. खाली काय चाललंय हे तोच तुम्हाला ऐकवतो. 'व्हायोला जरा जोरात वाजव' एवढं सांगितलं तरी ओरेस्तला आपलं काम समजतं.

तालमीत गायक अर्ध्या आवाजात गातात, त्याला मार्किंग म्हणतात. तो आळस नसतो, गळा राखायचा असतो. सकाळी दहाला पूर्ण आवाजाची मागणी करणारा दिग्दर्शक नाटकातून आलेला आहे हे लगेच ओळखू येतं.

शेवटच्या टप्प्यात झिट्सप्रोबं: गायक खुर्च्यांवर, समोर पूर्ण ऑर्केस्ट्रा, हालचाल नाही. त्या दिवशी तुम्ही गप्प बसायचं. तो संचालकाचा दिवस. मग ऑर्केस्ट्रासह रंगमंचावर, आणि शेवटी रंगीत तालीम. रंगीत तालीम आणि पहिला प्रयोग यांत एक दिवस मोकळा ठेवा. निर्माता कुरकुरेल, ठेवाच.

वाद्यवृंद मोठा नाही: तंतुवाद्यं, जोडीजोडीनं लाकडी आणि पितळी वाद्यं, तीन ट्रॉम्बोन, टिंपनी आणि सिथियनांसाठी तालवाद्यं. तोही परवडत नसेल तर पियानोवर करा, पण ट्रॉम्बोन मिळाले तर आणाच. मुंबईत एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं ऑपेरे केलेत, आणि 2016 मध्ये पुन्हा उघडलेलं रॉयल ऑपेरा हाउसही आहे. गाणारे, वाजवणारे या शहरात सापडतात. अडतं ते बहुतेक वेळा तालमीच्या जागेपाशी.

९. प्रयोगाच्या रात्री

स्टेज मॅनेजरला स्कोअर वाचता आलाच पाहिजे. क्यू शब्दावर द्यायचे नसतात, मापावर द्यायचे असतात. वर दिसणारी भाषांतराची पाटी चालवणाऱ्यालाही तेच लागू. एका वेळी दोनच ओळी, गायक तेच वाक्य तीनदा म्हणाला तरी पाटी एकदाच. आणि ओळख पटण्याच्या क्षणी पाटी सुराच्या आधी आली, तर प्रेक्षक वाचून आधीच सुस्कारा सोडतो आणि गायिका मागाहून धावते. त्या एका जागी पाटी थोडी उशिराच येऊ द्या.

दारावरच्या लोकांना बजावून ठेवा: सुरुवातीला ओव्हर्चर नाही, तेव्हा वाद्यं लागली की उशिरा आलेल्यांना आत सोडायचं नाही. पहिल्या अंकाच्या शेवटपर्यंत बाहेर.

आणि तोआस. तो मरतो, मग मारामारी, मग देवी, मग मोठा आनंदाचा कोरस. हे सगळं होईपर्यंत बिचारा रंगमंचाच्या मधोमध पडलेला असतो, आणि धापा टाकणारं प्रेत तिसऱ्या रांगेतूनही दिसतं. त्याला वेदीच्या मागे पाडा, डोकं विंगेकडे. पडदा पडल्यावर नमस्काराला पहिल्यांदा कोरस, मग लहान भूमिका, मग तो, आणि ही ओळ रंगीत तालमीतच दोनदा करून घ्या.